रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स : एका आयरिश रेजिमेंटच्या खुणा जमवू पाहणाऱ्यांसाठी

रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स ही ब्रिटिश लष्करातील आयरिश रेजिमेंट 1881 मध्ये या नावाने उभी राहिली आणि 1922 मध्ये, आयर्लंड स्वतंत्र होत असताना, बरखास्त झाली. नव्या संग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण या नावाचा बिल्ला, गणवेशाच्या खांद्यावर लावायची रेजिमेंटच्या नावाची अक्षरे किंवा गणवेशातील छायाचित्र खरे असेल तर ते या एक्केचाळीस वर्षांतीलच असणार. शेकडो वर्षे चाललेल्या आणि दर पिढीत चिन्हे बदलणाऱ्या रेजिमेंटपासून सुरुवात करणारा माणूस वर्षभरात गोंधळून जातो. येथे आवाका आटोपशीर आहे, कागदपत्रे बऱ्यापैकी उपलब्ध आहेत, आणि मराठी वाचकासाठी आणखी एक कारण आहे, ते म्हणजे या रेजिमेंटची अर्धी वंशावळ मुंबईची आहे.

आधी वंशावळ पक्की करावी

वस्तू विकत घेण्यापूर्वी रेजिमेंटचा इतिहास कागदावर मांडून घ्यावा. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबई आंदण मिळाली, तेव्हा ती ताब्यात घेण्यासाठी 1661 मध्ये इंग्लंडमध्ये एक फौज उभारण्यात आली. 1662 मध्ये ही फौज मुंबईपर्यंत पोहोचली, पण पोर्तुगीजांनी ताबा देण्यास नकार दिल्यामुळे तिला गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. तेथे रोगराईने तिची धूळधाण झाली, तिचा सेनापती सर अब्राहम शिपमन हाही तेथेच वारला, आणि उरलेल्या मूठभर माणसांनी 1665 मध्ये मुंबईचा ताबा घेतला. 1668 मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि तिच्याबरोबर हे शिपाईही. त्यांच्यातूनच पुढे कंपनीची ‘बॉम्बे युरोपियन रेजिमेंट’ घडली. 1862 मध्ये ती राणीच्या लष्करात 103 वी रेजिमेंट, रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स, म्हणून दाखल झाली. 1881 च्या फेररचनेत तिला 102 व्या रॉयल मद्रास फ्युझिलियर्सशी जोडण्यात आले आणि दोघींवर डब्लिनचे नाव चढले. मद्रासची ती पहिली बटालियन झाली, तर मुंबईची ती दुसरी. मुख्य तळ किल्डेअर परगण्यातील नेस या गावी होता.

हा तपशील केवळ हौसेचा नाही. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांच्या यादीत ‘कर्की’ हे नाव आहे. ही आपली पुण्याजवळची खडकी होय. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांच्या फौजेविरुद्ध झालेल्या लढाईत बॉम्बे युरोपियन रेजिमेंट इंग्रजांच्या बाजूने उभी होती, आणि तो सन्मान पुढे डब्लिनच्या ध्वजावर गेला. त्यामुळे 1881 पूर्वीच्या वस्तू शोधताना ‘डब्लिन’ या शब्दावर अडून बसू नये. 1848-49 च्या पंजाब मोहिमेचे पदक ‘बॉम्बे युरोपियन फ्युझिलियर्स’ या नावाने कोरलेले असते, आणि आयर्लंडमधील विक्रेत्याला ते डब्लिन रेजिमेंटच्या पूर्वजांचे आहे याचा पत्ता नसेल, हे अगदी शक्य आहे.

मद्रासच्या बाजूचा इतिहास मात्र भारतीय संग्राहकाने डोळे उघडे ठेवून वाचावा. पहिल्या बटालियनचे ‘ब्लू कॅप्स’ हे टोपणनाव 1857 मध्ये या रेजिमेंटचे नेतृत्व करणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याच्या शिपायांवरून आले आहे, आणि नीलने अलाहाबाद व कानपूर येथे केलेली कत्तल आणि विटंबना प्रसिद्ध आहे. मद्रासमधील त्याचा पुतळा सत्याग्रहानंतर 1937 मध्ये रस्त्यावरून हटवण्यात आला. त्या काळातील वस्तू संग्रहात ठेवणार असाल तर तिच्या चिठ्ठीवर हेही लिहावे, असे माझे मत आहे. विक्रेत्यांच्या यादीतील ‘शौर्यगाथा’ जशीच्या तशी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

एक धागा निवडावा

‘डब्लिन फ्युझिलियर्सचे सगळे काही’ असा संकल्प सोडणारे लोक काही महिन्यांत बटणांच्या ढिगावर येऊन थांबतात. त्यापेक्षा एखादी लढाई, एखादी बटालियन किंवा एकच प्रकारची वस्तू निवडावी. पहिले महायुद्ध घेतले तरी निवडीला भरपूर वाव आहे. दुसरी बटालियन ऑगस्ट 1914 मध्येच फ्रान्सला पोहोचली आणि मे 1915 मध्ये बेल्जियममध्ये ईप्रजवळ माउसट्रॅप फार्म येथे विषारी वायूच्या हल्ल्यात जवळजवळ संपली. पहिली बटालियन युद्ध सुरू झाले तेव्हा मद्रासमध्ये होती, आणि 25 एप्रिल 1915 रोजी ती तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या ‘व्ही बीच’ या किनाऱ्यावर गोळ्यांच्या वर्षावात उतरली. सातव्या बटालियनच्या ‘डी’ कंपनीत डब्लिनचे रग्बीपटू आणि पांढरपेशे तरुण मोठ्या संख्येने होते, आणि ती ऑगस्ट 1915 मध्ये गॅलिपोलीतीलच सुव्हला येथे लढली. नवव्या बटालियनमध्ये कवी आणि माजी खासदार टॉम केटल होता, जो 9 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधील गिंची येथे मारला गेला. दहाव्या बटालियनचे शिपाई तर एप्रिल 1916 मध्ये खुद्द डब्लिनच्या रस्त्यांवर, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठलेल्या आपल्याच गावच्या बंडखोरांसमोर उभे ठाकले. यांपैकी कोणताही एक धागा दहा वर्षे पुरेल.

दक्षिण आफ्रिकेचे युद्ध (1899-1902 चे बोअर युद्ध) हा तितकाच समृद्ध विषय आहे, फक्त तेथील पदके महाग आहेत. डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी 1907 मध्ये उभारलेली फ्युझिलियर्सची कमान त्याच युद्धातील मृतांसाठी आहे. राष्ट्रवादी आयरिश मंडळींनी तिला ‘देशद्रोह्यांचे दार’ असे नाव ठेवले होते.

टोपीवरचा बिल्ला : पुढून नव्हे, मागून पाहावा

साध्या शिपायाचा टोपीवरचा बिल्ला म्हणजे ज्वाला बाहेर पडणारा पितळी हातगोळा, त्याच्या गोलावर वाघ आणि हत्ती, आणि खाली पांढऱ्या धातूच्या फितीवर रेजिमेंटचे नाव. वाघ आणि हत्ती या कंपनी काळातील भारतीय मोहिमांच्या खुणा आहेत. ज्वालेचा गोळा ही मात्र सगळ्याच फ्युझिलियर रेजिमेंटची सामाईक खूण असल्यामुळे नवखा माणूस येथे हमखास फसतो. रॉयल मन्स्टर फ्युझिलियर्सच्या गोळ्यावर एकटा वाघ असतो, लँकेशायरवाल्यांच्या गोळ्यावर स्फिंक्स, तर इनिस्किलिंगवाल्यांच्या गोळ्यावर किल्ला असतो. मन्स्टरचा बिल्ला डब्लिनचा म्हणून विकला जातो, तेव्हा हत्ती आहे की नाही एवढे पाहिले तरी पैसे वाचतात.

या बिल्ल्यावर राजमुकुट नसल्यामुळे, इतर रेजिमेंटच्या बाबतीत चालणारी राणीचा मुकुट की राजाचा, ही कालनिश्चितीची सोपी युक्ती येथे लागू पडत नाही. म्हणून घडणीकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी दहापट भिंग हवेच.

अस्सल बिल्ला पातळ पत्र्यावर पोलादी ठसा ठोकून तयार केलेला असतो. त्यामुळे पुढे जेथे वाघाची पाठ उंच आलेली असते, तेथे मागे तेवढाच खोलगट खळगा दिसतो. ज्वालांच्या टोकांमधील फटी धारदार असतात, अक्षरांच्या कडा स्पष्ट असतात आणि पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी असते. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा खरबरीत असते, भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, कडेने साच्याच्या सांध्याची रेषा धावते, आणि वाघाचे तोंड साबणाच्या वडीवर कोरल्यासारखे बोथट असते. ओतकाम थंड होताना आकसते, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहानही भरते, आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवलेला एक खात्रीचा नमुना त्यासाठी उपयोगी पडतो. वेगवेगळ्या धातूंचे भाग मागून झाळलेले असतात. ती झाळ जुनी, करडी आणि बेताची असावी, चकचकीत गोळा नसावा. अनेक रेजिमेंटचे दोन धातूंचे बिल्ले 1916 च्या सुमारास निकेल वाचवण्यासाठी नुसत्या पितळेत काढले गेले, त्यामुळे एकाच धातूचा बिल्ला लगेच खोटा ठरवू नये, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी जाणत्याला दाखवावा.

जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा ठोकलेला माल हा सर्वांत अवघड प्रकार आहे, कारण तो ओतीव नसतो आणि वरील बहुतेक कसोट्यांना उतरतो. बिल्ल्याच्या पाठीमागील उभ्या पट्टीवर बर्मिंगहॅमच्या एखाद्या प्रसिद्ध कारखान्याचे नाव ठळकपणे उठलेले असले, की नवखा खूश होतो. अनुभवी माणूस मात्र तेथेच सावध होतो, कारण असे नाव नंतरच्या मालावरही पुष्कळदा असते. वापरलेल्या बिल्ल्यावरील झीज उंच भागांवर, म्हणजे वाघाच्या खांद्यावर आणि गोळ्याच्या फुगीर भागावर, पडते. खोलगट जागी तितकीच झीज दिसली तर ती पॉलिशच्या चाकाची करामत समजावी.

अधिकाऱ्यांच्या समारंभी टोपीवरचे गोळे मोठे असतात आणि त्यांवर डब्लिन शहराचे चिन्ह असलेले तीन जळते किल्लेही येतात. त्यांच्या वाटेला पहिली काही वर्षे जाऊ नये. सुरुवात खांद्यावरच्या पितळी अक्षरांपासून आणि बटणांपासून करावी. किंमत कमी असल्यामुळे त्यांच्या नकला करण्यात कोणाला फारसा रस नसतो आणि हात बसायला ती उत्तम असतात.

पदके : कडेवर लिहिलेले नाव हाच खरा ऐवज

ब्रिटिश मोहिमांच्या बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. 1914 आणि 1914-15 च्या ताऱ्यांवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर, ती मागच्या बाजूला असते. म्हणून पदक म्हणजे एका विशिष्ट माणसाकडे जाणारा रस्ता असतो. बिल्ल्यापासून तसे कोठे पोहोचता येत नाही, आणि एवढ्यासाठीच मी नवख्यांना दुसरी की तिसरी खरेदी पदकाची करायला सांगतो.

एक उदाहरण पाहू. 1914-15 चा तारा हाती आला आणि मागे डब्लिन फ्युझिलियर्सचे नाव आहे. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील पदकांच्या निर्देश-कार्डांत तो क्रमांक आणि नाव शोधावे. कार्डावर युद्धभूमीचा सांकेतिक आकडा आणि तेथे दाखल झाल्याची तारीख असते. आकडा ‘2बी’ आणि तारीख 25 एप्रिल 1915 असेल, तर हा माणूस गॅलिपोलीच्या पहिल्याच दिवसाच्या उतरणीत होता. तारीख ऑगस्टमधील असेल तर सहाव्या किंवा सातव्या बटालियनचा विचार करावा. त्यानंतर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या मोफत यादीत त्याचे थडगे किंवा स्मारकावरचे नाव पाहावे, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत खुल्या केलेल्या 1901 व 1911 च्या जनगणनेत त्याचे घर शोधावे. एका धातूच्या ताऱ्यापासून डब्लिनच्या गल्लीतील खोली, घरातील माणसे आणि बापाचा धंदा इथपर्यंत पोहोचता येते. शिपायाची सेवापुस्तिका मिळेलच असे मात्र नाही. सप्टेंबर 1940 मधील बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक जळाल्या.

नाव आणि क्रमांक नेहमी एकत्र तपासावेत. 1920 पूर्वी क्रमांक रेजिमेंटनिहाय दिले जात असल्यामुळे तोच क्रमांक अनेकांकडे असे, आणि बर्न, मर्फी, केली अशी आडनावे डब्लिनमध्ये गल्लोगल्ली होती. मृतांच्या घरी पाठवलेली काशाची मोठी स्मृतिचकती तर या बाबतीत फारच फसवी आहे. सुमारे 12 सेंटीमीटर व्यासाच्या या चकतीवर फक्त नाव असते. हुद्दा नाही, रेजिमेंट नाही. सोबतचे सन्मानपत्र किंवा पदके नसतील, तर विक्रेता ती डब्लिनच्या शिपायाची म्हणून विकतो आहे म्हणजे त्याने एका सामान्य नावाला आपल्या सोयीची रेजिमेंट चिकटवली आहे, असे धरून चालावे.

दक्षिण आफ्रिकेच्या पदकांत रिबिनीवरच्या, लढाईचे नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या तपासणे हे मुख्य काम आहे. दुसरी बटालियन 20 ऑक्टोबर 1899 रोजी टलाना येथे लढली, मग लेडीस्मिथ गावी आली, आणि बोअरांनी गावाला वेढा आवळण्यापूर्वी दक्षिणेकडे रवाना झाली. नंतर ती वेढा फोडणाऱ्या फौजेत होती. त्यामुळे ‘टलाना’, ‘टुगेला हाइट्स’ आणि ‘लेडीस्मिथची सुटका’ या पट्ट्या एकत्र दिसणे स्वाभाविक आहे. ‘लेडीस्मिथचे संरक्षण’ ही पट्टी दिसली तर तो माणूस मागे का राहिला, हे पदकयादीत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पट्ट्या सुट्या मिळतात आणि सहज जोडताही येतात. तसेच मूळ नाव घासून दुसरे कोरलेले पदक व्यासाला कमी भरते. पूर्ण पदक 36 मिलिमीटरचे असते, आणि कडेच्या अर्ध्या भागात ते कमी भरले तर कॅलिपर खोटे बोलत नाही.

छायाचित्रे वाचायला शिकणे

छायाचित्रांची किंमत अजून आवाक्यात आहे, कारण त्यांतील बहुसंख्य माणसे अनामिक आहेत. बहुतेक चित्रे पोस्टकार्डाच्या रूपात मिळतात. मागच्या बाजूला पत्ता आणि मजकूर यांसाठी दोन भाग पाडलेले असतील, तर ब्रिटनमध्ये ते कार्ड 1902 नंतरचे ठरते. पुढे गणवेश वाचावा. डाव्या बाहीच्या खालच्या भागात उलट्या ‘व्ही’ आकाराच्या फिती दिसल्या तर त्या सद्वर्तनाच्या होत. त्यांना हुद्दा समजणे ही फार जुनी चूक आहे. त्याच बाहीवर उभी धातूची किंवा फितीची छोटी पट्टी असेल तर ती जखमेची खूण, आणि ती 1916 मध्ये सुरू झाली. तेव्हा अशी पट्टी असलेले चित्र ‘गॅलिपोलीला निघण्यापूर्वी’ या मथळ्याखाली विकले जात असेल तर मथळा खोटा आहे. परदेश-सेवेच्या उजव्या बाहीवरील छोट्या फिती दिसल्या तर 1918 किंवा त्यानंतरचे वर्ष धरावे.

टोपीवरचा बिल्ला चित्रात बहुधा अस्पष्ट असतो आणि डब्लिन व मन्स्टर यांतील फरक तेवढ्यावरून करता येत नाही. अशा वेळी खांद्यावरच्या अक्षरांवर भर द्यावा. निदान 600 डीपीआयने स्कॅन करून ती मोठी करून पाहावीत. भारतातील चित्रांत खाकी ड्रिलचे कपडे, उन्हाची टोपी आणि मागे लांब व्हरांड्याची बराक दिसते. पहिली बटालियन 1914 पर्यंत मद्रासमध्ये असल्याने अशी सामूहिक चित्रे आजही भारतात सापडू शकतात. पाठीमागील स्टुडिओचा शिक्का कापलेले कार्ड मी घेत नाही, कारण गावाचे नाव गेले की निम्मी माहिती गेली.

कोठे शोधावे, आणि कायदा

आयर्लंडमध्ये 1922 नंतर ब्रिटिश लष्करातील नोकरी हा अनेक घरांत न बोलण्याचा विषय झाला. पदके पेटीच्या तळाशी गेली, गहाण पडली किंवा विकली गेली, आणि कागद व धातू यांची ताटातूट झाली. गेल्या तीसेक वर्षांत हे मौन सुटले आहे. तेथील स्थानिक लिलावघरांत पूर्ण घराण्याचा ऐवज एकत्र येतो, तेव्हा एकेक पदक फोडून घेण्यापेक्षा थोडे कर्ज परवडले, असे वाटण्याइतका मोह होतो. कर्ज काढू नये, पण ऐवज फुटू नये यासाठी दुसऱ्या संग्राहकाबरोबर भागीदारी करण्यास हरकत नाही. डब्लिनला जाणे झाले तर कॉलिन्स बॅरॅक्समधील राष्ट्रीय संग्रहालयात अस्सल वस्तू डोळे भरून पाहाव्यात, आणि पिअर्स स्ट्रीटवरील महापालिकेच्या ग्रंथालय व अभिलेखागारात या रेजिमेंटच्या पत्रांचा व कागदांचा संग्रह पाहावा. अस्सल वस्तू पुरेशा पाहिल्या की नक्कल आपोआप खटकू लागते.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कंपनी काळाचे म्हणून दाखवले जाणारे पितळी सामान बहुतेक नव्याने ओतलेले असते. तेथे जायचेच तर बिल्ल्यांऐवजी जुने अल्बम आणि सुटी छायाचित्रे चाळावीत.

भारतात 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. या रेजिमेंटच्या वस्तूंनी आता ती मर्यादा ओलांडली आहे. तेव्हा येथे सापडलेली वस्तू परदेशी मित्राला टपालाने पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. आयर्लंडमध्ये धातुशोधक यंत्राने पुरातन वस्तू शोधण्यासाठी सरकारी परवानगी लागते, आणि रणभूमीतून उकरून काढलेल्या वस्तू तर घेऊच नयेत. त्या जमिनीत अजून न सापडलेली माणसे आहेत.

जतन आणि नोंद

बिल्ला पॉलिश करू नये. शंभर वर्षांचा काळपट थर एकदा घासला की तो पुन्हा येत नाही, आणि वाघाचे पट्टेही त्याबरोबर जातात. हिरवा गंज दिसला तर लाकडी काडीने हलकेच काढावा. पदके सुती हातमोजे घालून हाताळावीत. छायाचित्रांसाठी पीव्हीसीची पाकिटे टाळून पॉलिएस्टरची घ्यावीत, वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नये, आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात. छायाचित्रामागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलनेच, कडेला, आणि फक्त नोंद क्रमांक लिहावा.

वहीत किंवा संगणकावर प्रत्येक वस्तूची मापे, वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, कोणाकडून व कधी घेतली, विक्रेता काय म्हणाला आणि आपल्याला काय सापडले, हे वेगवेगळ्या रकान्यांत असावे. विक्रेत्याचे म्हणणे आणि सिद्ध झालेली गोष्ट एकाच रकान्यात गेली, की पुढच्या मालकाला दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात. पदकाचा माणूस ओळखता आला तर त्या नोंदीची एक प्रत डब्लिनच्या अभिलेखागाराला देऊ करावी. त्याचा नातू किंवा पणती कधी चौकशीला आली तर तिला निदान पदक कोठे आहे हे कळेल.